मॉरिशसची सहल आणि करारात नसलेली एक संध्याकाळ

प्रवासावर लिहिणाऱ्यांच्या एका सहलीसाठी निवड झाल्याचा मेल आला, त्यात पहिल्या ओळीत अभिनंदन होतं आणि शेवटच्या ओळीत पॅन क्रमांक मागितला होता. मॉरिशस, सहा रात्री, आठ जणांचा गट, ऑगस्ट २०२३ चा शेवटचा आठवडा. विमान, राहणं, जेवण, फिरणं सगळं आयोजकांकडे. मी मेल दोनदा वाचला आणि आईला फोन लावला. तिने विचारलं, "पैसे किती भरायचेत?" काहीच नाही म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बघ बाई, नीट वाचून घे सगळं. फुकट कोणी कुणाला नेत नाही."

तिचं बरोबर होतं. ही सहल बक्षीस नव्हती, कामाचा मोबदला होती, आणि हे मला आधीच कळलेलं बरं झालं. मी २०१४ पासून मराठीत प्रवासाबद्दल लिहिते. सुरुवातीची चार वर्षं सगळा खर्च माझ्या पगारातून. एसटीने जायचं, ओळखीच्यांकडे राहायचं आणि परत आल्यावर रात्री बसून लिहायचं. त्यातून पैसे मिळतील असं कधी मनात नव्हतं. पुढे एकदा कोकणातल्या खाडीवरच्या जुन्या तरींवर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणाऱ्या होड्यांवर, मी सलग पाच लेख लिहिले. ही होडी कधी सुरू झाली, ती चालवणारा तांडेल कोण, भरती-ओहोटीची वेळ कशी ठरते, पूल झाल्यावर त्या माणसांचं काय झालं, असं सगळं. त्या लेखांना लाखो वाचक मिळाले नाहीत, पण जे आले ते शेवटपर्यंत वाचत होते आणि पत्रं लिहीत होते. अर्जासोबत मी तेच लेख जोडले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की आकड्यांत माझा क्रमांक सगळ्यात खाली होता, पण वाचकांची पत्रं पाहून त्यांनी मला घेतलं. ज्यांना असं काही करायचंय त्यांना म्हणूनच सांगते, एका विषयात खोल उतरलेलं काम हाताशी ठेवा. ते पाठवता येतं.

मग कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर मॉरिशसला जायला आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले की पुरतं. तो भाग एका दुपारी उरकला. वेळ गेला तो कराराला आणि कराला.

कराची गोष्ट जरा तपशिलात सांगते, कारण आमच्या गटातल्या पाच जणांना ती माहीतच नव्हती. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात १९४ आर हे कलम लागू झालं. व्यवसायाच्या ओघात कुणाला वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापायचा. लाभ पैशात नसून वस्तूच्या किंवा सहलीच्या रूपात असेल, तर कापणार कशातून? म्हणून लाभ देणाऱ्याने तो कर भरला गेलाय याची आधी खात्री करून घ्यायची. आयोजकांनी माझ्या सहलीची किंमत १,४०,००० रुपये धरली होती. मी १४,००० रुपये आगाऊ कर भरला आणि चलनाची प्रत पाठवली, तेव्हा तिकीट हातात आलं. हे पैसे विवरणपत्रात वळते होतात, बुडत नाहीत. पण ज्या महिन्यात सहल त्याच महिन्यात ते जवळ असावे लागतात, आणि सहलीची किंमत आपल्या उत्पन्नात धरली जाते, हे ध्यानात ठेवायचं. गटातल्या एका मुलाने त्यासाठी मित्राकडून उसने घेतले होते.

करार सहा पानांचा होता. तीन लेख, बारा छायाचित्रं, रोज किमान एक नोंद, आणि परत आल्यावर वीस दिवसांत सगळं पूर्ण. हे सगळं रास्त होतं. पाचव्या पानावर मात्र एक कलम होतं: मजकूर प्रसिद्धीआधी दाखवायचा आणि आयोजक सुचवतील ते बदल करायचे. माझी एक मैत्रीण वकील आहे, तिने पेन्सिलीने त्याखाली रेघ मारली. आम्ही लिहून कळवलं की नाव, अंतर, वेळ, तारीख अशा तपशिलांच्या चुका त्यांनी जरूर दाखवाव्यात, मत माझं राहील. प्रत्येक लेखाच्या वर 'ही सहल आयोजकांच्या खर्चाने झाली' अशी ओळ टाकेन, हेही मीच लिहिलं. मोबदला घेऊन लिहिलं तर ते उघड सांगावं अशा जाहिरात मानक परिषदेच्या सूचना १४ जून २०२१ पासून आहेत आणि मोफत प्रवास, मोफत मुक्काम हे त्यात येतंच. पण सूचना नसत्या तरी मी ते केलं असतं. वाचकाने आपल्या पैशाने जायचं ठरवायचं असतं. मी कुणाच्या पैशाने गेले हे त्याला कळायला हवं. आठवडाभर उत्तर आलं नाही. मी मनाची तयारी केली होती की आता राहिलं. मग बदललेलं पान आलं.

मुंबईहून साधारण सहा तासांचं उड्डाण. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, आपल्याकडे धो धो पाऊस सोडून गेलो आणि तिथे कोरडी गार हवा. विमानतळाच्या बाहेर पडलो की दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी चालू होती. तोडलेल्या शेतांत मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसत होते, काही तर घराएवढे. मला आधी वाटलं बांधकामाचं काहीतरी आहे. आमच्या चालकाने सांगितलं, हा ज्वालामुखीचा दगड. ऊस लावायच्या आधी मजुरांनी हातांनी वेचून रचून ठेवलेला. पुढचे सहा दिवस गाडीच्या खिडकीतून मी ते ढीग बघत राहिले. समुद्राचे फोटो माझ्याकडे चारशे आहेत. दगडांच्या ढिगांचे पंचावन्न.

गटाबद्दल सांगायला हवं, कारण अशा सहलीत माणसं आपण निवडलेली नसतात. आठ जण, सात भाषा. दोघं हिंदीतून चित्रफिती करणारी, एक बंगाली ताई खाण्यावर लिहिणारी, केरळचा एक छायाचित्रकार, एक तमिळ, एक गुजराती, एक इंग्रजीत लिहिणारा मुंबईकर आणि मी. पहिल्या दिवशी जेवायला बसलो तर अर्धा तास कुणी घास घेतला नाही, ताटांचे फोटो चालले होते. दुसऱ्या दिवशी बंगाली ताईंनी ठरवून टाकलं: एक ताट फोटोचं, बाकीच्यांनी गरम खायचं. तेव्हापासून गट झाला असं मी म्हणेन. केरळच्या दादांना पहाटेचा उजेड लागायचा, ते साडेपाचला दार वाजवायचे. मी त्यांच्याबरोबर जायला लागले आणि त्यांनी मला एक गोष्ट शिकवली: किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. मी आता कुठेही गेले की तसंच करते.

किनाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. पांढरी वाळू, प्रवाळाची भिंत बेटाला जवळजवळ सगळीकडून वेढून आहे, त्यामुळे आतलं पाणी शांत आणि लाटा लांबवर फुटताना दिसतात. सुंदर आहे, फोटोत दिसतं तसंच. शामारेलची सात रंगांची माती मात्र प्रत्यक्षच बघायला हवी. बेसॉल्ट हा ज्वालामुखीचा दगड झिजून झालेली माती, लोहाच्या संयुगांनी लाल-तपकिरी आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी निळसर-जांभळी. मला सगळ्यात आवडलं ते हे की तिथे लाकडी कठड्याच्या आत कुणालाच सोडत नाहीत, कितीही मोठा कॅमेरा असला तरी.

तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर. चार-चार जणांच्या दोन फेऱ्या. नैऋत्य टोकाला ल मॉर्न हा ५५६ मीटरचा सुळका आहे. गुलामीतून पळालेली माणसं त्याच्या कड्यांत लपून राहायची. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई वर गेले, आणि ते पकडायला आलेत असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी तिथली कथा आहे. २००८ पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे. त्याच सुळक्याजवळच्या समुद्रात वरून बघितलं तर पाण्याखाली धबधबा कोसळतोय असं दिसतं. खरोखर दिसतं, माझ्या अंगावर काटा आला. पण तिथे पाणी कुठेही पडत नाही. उथळ भागातली वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल दरीच्या काठावरून घसरत जातो, उथळ पाण्याचा फिका रंग संपून गर्द निळा सुरू होतो, आणि डोळ्याला तो प्रपात वाटतो.

आम्हाला आधीच एक कागद दिला होता, कुठल्या फोटोखाली काय लिहायचं याचा. त्यात या जागेपुढे 'समुद्राखालचा धबधबा' एवढंच होतं. रात्री जेवताना मी म्हटलं, हा आभास आहे असं आपण लिहायला हवं. त्यावर चांगलीच चर्चा झाली. चित्रफिती करणारा मुलगा म्हणाला, "दीदी, लोग पहले देखेंगे, फिर पढ़ेंगे." बंगाली ताईंचं म्हणणं, थोडी जादू राहू द्यावी. मी एवढंच म्हटलं की वाळू वाहत जाऊन आपल्याला धबधबा दिसतो, यातच जादू आहे, ती काढून कशाला टाकायची? शेवटी आमच्या समन्वयक बाईंनी ज्याला जसं लिहायचं तसं लिहा म्हणून सोडून दिलं. मी खरं काय ते लिहिलं. त्या एका फोटोखाली मला जितके प्रश्न आले तितके सगळ्या सहलीत आले नाहीत. एका नववीतल्या मुलीने प्रवाहाची आकृती काढून पाठवली होती, बाण वगैरे दाखवून. केरळच्या दादांनी नंतर त्यांचा मजकूर बदलला, मला न सांगता. मी सहज बघितलं तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी इल ओ एग्रेत. माहेबूरजवळच्या खाडीत प्रवाळाचं हे लहानसं बेट आहे, पंचवीस-सव्वीस हेक्टरांचं. मॉरिशसचं मूळ जंगल कसं होतं ते तिथे जपून पुन्हा वाढवलंय. डच १५९८ मध्ये मॉरिशसला उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. त्याच देशात १९७४ मध्ये मॉरिशसचा छोटा ससाणा मोजून चार उरला होता आणि आज तो शेकड्यांनी आहे. गुलाबी कबुतरही असंच काठावरून परत आणलेलं. आमच्या वाटाड्याने बोलता बोलता हात वर केला, आम्ही थांबलो, आणि चार हातांवर फांदीवर ते बसलेलं होतं. फिकट गुलाबी छाती, तांबूस शेपूट, पायात रंगीत कड्या. प्रत्येक पक्ष्याची नोंद त्या कड्यांवरून होते. खाली मोठी कासवं पाला खात होती. मूळ जातीची कासवं नामशेष झाली, म्हणून आल्डाब्रा बेटावरच्या जातीची आणून सोडली. बिया खाऊन पसरवायचं काम कुणीतरी करायला हवं ना.

परत येताना होडीत वाटाड्याने समुद्राकडे बोट दाखवलं. २५ जुलै २०२० ला वाकाशियो नावाचं मालवाहू जहाज तिथे प्रवाळावर चढलं, ६ ऑगस्टपासून तेल गळायला लागलं, सुमारे एक हजार टन. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. तो सांगत होता, आम्ही कुणाची वाट बघत बसलो नाही. वाळलेला उसाचा पाला कापडात भरून, शिवून, लांबच लांब वळकट्या केल्या, त्यांना रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि पाण्यात सोडल्या. लोकांनी आपले केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. शाळेची मुलं, आज्या, कोळी, सगळे गुडघाभर काळ्या चिखलात. त्याने तळहात उघडून दाखवला. "आठवडाभर धुऊनही रेषांतला काळा रंग जात नव्हता," म्हणाला. होडीत कुणी बोललं नाही.

संध्याकाळी समन्वयक बाईंनी मला बाजूला घेतलं. तेलाचं लिहू नका, म्हणाल्या, लोक सुटीचं ठरवायला वाचतात, उगाच मनात भीती बसेल. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्यावरही वरून जबाबदारी होती हे मला दिसत होतं. मी त्यांना कराराच्या पाचव्या पानाची आठवण करून दिली आणि म्हटलं, ज्या देशाच्या माणसांनी उसाच्या पाल्याने समुद्र अडवला, त्या देशात जावंसं वाटेल की नाही वाटणार? त्या म्हणाल्या, लिहून दाखवा. लेख गेल्यावर त्यांनी एक तारीख दुरुस्त केली, बाकी एकही शब्द हलवला नाही. पण तो संवाद झाला त्या रात्री मला झोप आली नव्हती, हेही खरं आहे. खोली त्यांची, ताट त्यांचं, आणि आपण नाही म्हणायचं. ते जड जातं. कराराचं पान सोबत होतं म्हणून माझा आवाज निघाला.

पाचव्या दिवशी राजधानी पोर्ट लुईत खरेदीला तीन तास होते. आप्रवासी घाट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आणि कार्यक्रमात त्याचं नाव नव्हतं. मी, बंगाली ताई आणि तमिळ दादा असे तिघं गेलो. हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांना उतरवून घ्यायचा, १८४९ मध्ये सुरू झालेला हा तळ. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून मॉरिशसला आली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून. पाच वर्षांचं गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, पुरुषाला महिन्याला पाच रुपये. आता काळ्या दगडी इमारतींचे थोडे भाग उरलेत: दवाखान्याचा, पहारेकऱ्याच्या खोलीचा, स्वयंपाकघराचा. आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या पायऱ्या. थोड्याशाच आहेत. पावलांनी मधोमध झिजलेल्या असतील असं मला वाटलं होतं, तशा नाहीत. कडा खडबडीत, सांध्यांत खाऱ्या हवेचा पांढुरका थर. इथे उतरलेला प्रत्येक माणूस वर चढला आणि त्याला एक क्रमांक मिळाला. पुढे त्यांचे फोटोही काढू लागले. नोंदवह्या आजही मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्यात, आणि लोक तिथे जाऊन आपला पणजोबा शोधतात. तमिळ दादा पायऱ्यांपाशी बसून राहिले. त्यांच्या आईच्या घरातला एक माणूस मद्रासहून 'बेटावर' गेला आणि परत आला नाही, एवढंच त्यांच्या घरात माहीत होतं. कुठल्या बेटावर, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि आता ती संध्याकाळ.

रोज रात्री मी व्हरांड्यातून आईशी फोनवर बोलायचे. चौथ्या रात्री हॉटेलातल्या एक बाई चादरी घेऊन जाता जाता थांबल्या, आणि माझा फोन होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही मराठी बोलता. मी पण मराठी." उच्चार वेगळा, शब्द मोजून आलेले. त्यांच्या घरात क्रिओल ही तिथली बोली बोलतात, मराठी त्या शाळेत शिकल्या. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. त्यांच्या गावच्या मंडळात तालीम चालू होती. "उद्या या," म्हणाल्या. "झाकरी आहे."

झाकरी. मी ऐकलं आणि माझ्या तोंडून "जाखडी?" असं निघालं, म्हणजे आमच्या कोकणातला गोलात फिरून करायचा नाच. त्या हसल्या.

उद्या म्हणजे समारोपाचं जेवण आणि सगळ्यांचा एकत्र फोटो. मी समन्वयक बाईंना जाऊन सांगितलं की मला जायचंय, स्वतःच्या जबाबदारीवर, साडेनऊपर्यंत परत येते. त्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं आणि गाडीही दिली, हे मुद्दाम सांगते. बंगाली ताई सोबत आल्या.

पत्र्याच्या छपराचा लांबट हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, समोर विठ्ठल-रखुमाईची तसबीर आणि तिला पिवळ्या फुलांचा हार. मुलं-मुली जीन्समध्ये, काही शाळेच्या गणवेशात. मध्ये ढोलकी, टाळ आणि गाणारे दोघं खाली बसलेले. भोवती गोल करून बाकीचे. एका पायात चाळ. ढोलकीवर थाप पडली आणि गोल फिरायला लागला: दोन पावलं पुढे, एक मागे, वाकून टाळी, उठताना गिरकी. मी लहानपणी संगमेश्वरकडच्या आमच्या गावात अंगणात बसून हेच बघितलंय. तेच वाकणं, तीच टाळी. शब्द गणपतीच्या वंदनाचे होते आणि त्यांतले काही उच्चार इतके जुने की आता आमच्या गावातसुद्धा फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. गाणाऱ्या मुलाला त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. त्याच्या आजोबांनी जसं म्हटलं तसं तो म्हणत होता, एक अक्षर न हलवता.

तालीम घेणारे गुरुजी शाळेत मराठी शिकवतात. "आपण बसावे, पाणी घ्यावे," अशी स्वच्छ पुस्तकी मराठी. त्यांनी मला एका आजींच्या शेजारी बसवलं. नव्वदीच्या घरातल्या, पांढरं लुगडं नाही, फुलाफुलांचा झगा आणि वर शाल, पण कुंकू आपल्यासारखं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. निम्मं क्रिओल, निम्मं मराठी बोलत होत्या, नात मध्ये मध्ये सांगायची. त्यांचं आडनाव विचारलं तर म्हणाल्या, ते आडनाव नाही, नाव आहे. पहिला जो आला त्याचं नाव साहेबाने लिहून घेतलं, तेच सगळ्यांना चिकटलं. म्हादू, बापू, अशी नावंच तिथे घराण्यांची नावं झालीत. मूळ आडनाव गेलं आणि त्याबरोबर गावही गेलं.

"तुझं गाव कुठलं?"

मी सांगितलं.

"तिथे नदी आहे?"

"आहे आजी. शास्त्री नदी."

त्या नातीकडे वळून काहीतरी भराभर बोलल्या. नात म्हणाली, "ती म्हणते, आमच्या गावाला पण नदी होती. तिची आजी सांगायची. नाव विसरली."

मला काय बोलावं सुचेना. रत्नागिरी, सिंधुदुर्गात नदी नाही असं गाव शोधावं लागेल. मी त्यांना चार-पाच नद्यांची नावं सांगितली: शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, गड. प्रत्येक नावाला त्या डोळे मिटून थांबायच्या आणि मान हलवायच्या. नाही, नाही. शेवटच्या नावालाही नाही. मग त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, जणू मलाच धीर देत होत्या.

मी गुरुजींना विचारून पूर्ण झाकरी ध्वनिमुद्रित केली. चौदा मिनिटं. फोटो एकच काढला, आजींच्या हाताचा, त्यांनी हो म्हटल्यावर. निघताना कागदात गुंडाळलेल्या गरम ढोल पुऱ्या दिल्या, वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेल्या, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण म्हणा. गाडीत बसून आम्ही दोघींनी त्या खाल्ल्या आणि ताईंनी एकही फोटो काढला नाही.

परत आल्यावर वीस दिवसांत तीन लेख दिले. पहिला किनारे आणि शामारेलवर, दुसरा इल ओ एग्रेत आणि तेलावर, तिसरा आप्रवासी घाटावर. झाकरीवरचा लेख करारात नव्हता, तो मी वेगळा लिहिला आणि सगळ्यात आधी गुरुजींना पाठवला. त्यांनी दोन शब्द सुधारून दिले. तमिळ दादांनी मोकाच्या संस्थेला पत्र पाठवलंय, मद्रासहून गेलेल्या त्या माणसाचं नाव आणि अंदाजे साल घालून. सहलीनंतर आठ जणांपैकी सहा जण अजून एकमेकांशी बोलतो.

१९ सप्टेंबरला गणपती आले. मी गावी गेले होते. आरती झाल्यावर ओटीवर काकांना ते मुद्रण ऐकवलं. काका सत्तर वर्षांचे आहेत, तरुणपणी जाखडीत ढोलकी वाजवायचे. मी काहीच सांगितलं नव्हतं, फोन हातात दिला फक्त. त्यांनी तो कानाला लावला, मग डोळे बारीक करून विचारलं, "कुठल्या वाडीचं गो हे मंडळ?"

मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्यांदा लाव." दुसऱ्या कडव्याशी आल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं. "इथं ठेका बदलतात बघ. आमच्यात बी बदलायचे. आता कोणी नाय बदलत." फोन खाली ठेवून त्यांनी ओटीच्या फळीवर दोन्ही हातांच्या बोटांनी तो जुना ठेका धरला. मी ध्वनिमुद्रण सुरू केलं, या वेळी त्यांच्या बोटांचं, आजींना पाठवायला.